हातात एक फाईल असू द्या

पाणी हे जीवन आहे, याबद्दल आमच्या कार्यालयात कधीही दुमत नव्हतं. मतभेद आहेत ते पाणी प्यायल्यानंतर काय होतं याबद्दल. पुरुष कर्मचाऱ्यांच्या मते काही विशेष होत नाही. माणूस जिन्यासमोरच्या दारातून आत जातो, शीळ घालत बाहेर येतो आणि पुन्हा कामाला लागतो (किंवा लागत नाही, तो वेगळा विषय आहे). स्त्री कर्मचाऱ्यांचं मत नोंदवून घेण्याची तरतूद नव्हती.

आमचं कार्यालय पाणीपुरवठ्याचं. गावातला कुठलाही नळ गळो, तुंबो की नुसताच खाकरत बसो, त्याची तक्रार आमच्या खिडकीवर येते. तक्रारीची फाईल होते, फाईल साहेबांपुढे जाते, साहेबांची सही झाली की दुरुस्तीची गाडी निघते. मी इथला मुख्य लिपिक. मला भाऊसाहेब म्हणतात. पुढे सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून ते विश्वसनीय आहे. आणि त्यात मी स्वतः काहीही केलेलं नाही, म्हणून ते निःपक्षपातीही आहे.

आधी वास्तूची माहिती देणं आवश्यक आहे. पुरुषांसाठीची सोय जिना चढून आलं की समोरच आहे. दारावर टोपीवाल्या माणसाचं चित्र, भिंतीवर लाल बाण, आत आरसा, आरशाखाली कंगवा (हा कंगवा सगळे वापरतात आणि तो आपला असल्याचं कुणीही कबूल करत नाही). नवख्या माणसालासुद्धा कुणाला विचारावं लागत नाही.

बायकांसाठीची सोयही आहे. नाही असं म्हणणाऱ्यांनी आमचा वार्षिक अहवाल वाचावा. पूर्वी तिचं दार व्हरांड्यात उघडत असे. पुढे साहेब या पदाची प्रतिष्ठा वाढली, प्रतिष्ठेबरोबर टेबल वाढलं, टेबल मावेना म्हणून केबिन वाढली आणि वाढता वाढता ती थेट सोयीच्या भिंतीला जाऊन भिडली. व्हरांड्यातल्या दारासमोर थोडी मोकळी जागा दिसत होती. मोकळी जागा दिसली की तिथे कपाट ठेवावं, असा आमचा शिरस्ता आहे. तिथे एक लोखंडी कपाट आलं, आणि त्यात निकाली निघालेल्या फाइली राहू लागल्या. केबिनचं काम करणाऱ्या गवंड्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने सोयीला केबिनच्या बाजूने दुसरं दार काढून दिलं. त्याने ते कुणालाही विचारून केलं नव्हतं, म्हणून ते झालं.

हे दुसरं दार साहेबांच्या खुर्चीच्या बरोबर मागे उघडतं.

ज्यांच्या काळात हे घडलं ते साहेब बदलून गेले आणि आताचे साहेब आले. नवे साहेब खुर्चीत बसले त्या दिवशीच हिशेबाच्या ताईंवर प्रसंग आला. ताईंची नोकरी संपत आलेली, स्वभाव भिडस्त. केबिनमध्ये शिरून, परक्या पुरुषापुढे उभं राहून, "सर, मला जरा तिकडे जायचंय," असं म्हणण्यापेक्षा त्यांनी राजीनामा दिला असता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून ताईंनी टेबलावरची एक फाईल उचलली आणि आत गेल्या. साहेबांनी वर न बघता हात पुढे केला.

"द्या."

सही झाली. ताईंनी सुचेल ते कारण दिलं. त्या म्हणाल्या, "रेकॉर्डला लावून येते, सर." आणि फाइलीसकट मागच्या दारातून आत गेल्या. थोड्या वेळाने फाइलीसकट बाहेर आल्या. साहेबांना वाटलं, मागे रेकॉर्डची खोली आहे, आणि बाई एक फाईल ठेवून दुसरी घेऊन आली.

आमच्याकडच्या बहुतेक कार्यपद्धती अशाच जन्माला आलेल्या आहेत. त्या दिवसापासून कुणाही बाईला जायचं असलं की ती एक फाईल घेई, साहेब सही करत, ती "रेकॉर्डला लावून येते" म्हणे. साहेबांना या बायकांचं भारी कौतुक. "पुरुष मंडळींना रेकॉर्डची कदर नाही, बघा," ते मला म्हणायचे. मी म्हणायचो, "नाही, सर." त्यांनी कधी विचारलं नाही आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा माझा नियम आहे, याच नियमाच्या जोरावर मी मुख्य लिपिक झालो.

रेकॉर्डच्या खोलीतून अधूनमधून पाणी सोडल्याचा आवाज येतो, हे मात्र साहेबांच्या लक्षात आलं होतं. फाइली भिजतील या काळजीने त्यांनी स्वतःच गळतीची रीतसर तक्रार नोंदवली. त्या तक्रारीची फाईल खिडकीवाल्या बाई त्यांच्यासमोर घेऊन गेल्या, साहेबांनी तिच्यावर सही केली आणि बाई ती घेऊन गळतीच्याच ठिकाणी गेल्या.

तरीही ही पद्धत परिपूर्ण होती असा दावा मी करणार नाही. बायकांना थांबावं लागण्याचे काही प्रसंग असत. साहेब फोनवर आहेत. साहेबांकडे पाहुणे आहेत. साहेब डबा खात आहेत. साहेब डबा खाऊन डोळे मिटून विचार करत आहेत. साहेब कुणाला तरी झापत आहेत. साहेब दौऱ्यावर आहेत आणि केबिनला कुलूप आहे. हे प्रसंग वगळता सोय सदैव उपलब्ध असे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण ज्याने केली त्याच्यासमोर फाइली होत्या. पण आमच्या बायकांनी ती अंगी बाणवली. त्यांनी पाणी पिणंच सोडलं. सकाळी घरून निघताना एक घोट, दुपारी डब्याबरोबर ओठ ओले होण्यापुरतं, बाकी संध्याकाळी घरी गेल्यावर. मी केलेल्या पाहणीनुसार (पाहणी माझ्या खुर्चीवरून केली), गावाला पाणी पुरवणाऱ्या या कार्यालयात माणशी सर्वात कमी पाणी आमच्या बायकांना लागे, आणि त्यांच्याखालोखाल खिडकीतल्या निवडुंगाला.

अशा काटकसरीच्या वातावरणात खिडकीवाल्या बाई आजारी पडल्या.

या बाईंना सारं गाव ओळखतं. तक्रारींच्या खिडकीवर बसतात, आवाज खणखणीत, तोंड फटकळ, मनात काही ठेवत नाहीत. त्यामुळे त्यांचा आजार आम्हाला आणि रांगेतल्या नागरिकांना एकाच वेळी कळला. लघवीला जळजळ, सारखी घाई, गेलं की चार थेंब, ओटीपोटात कळ. पहिल्या खेपेला त्यांनी गोळ्या घेतल्या. दुसऱ्या खेपेलाही घेतल्या. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून घेतलं. तो संवाद बाईंनी खिडकीतून मोठ्याने, दोन्ही आवाज काढून, सांगितला.

"गेल्या वेळच्या गोळ्या पुऱ्या केल्या होत्या?"

"अर्ध्या घेतल्या. बरं वाटायला लागलं ना मग."

"आणि उरलेल्या?"

"आमच्या हिशेबाच्या ताईंना दिल्या. त्यांनाही जळजळत होतं."

"अहो बाई, गोळ्या म्हणजे काय शेजारणीला द्यायची वाटीभर साखर आहे?"

मग डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला पाठवली, अहवाल बघून गोळ्या दिल्या आणि बजावलं: या शेवटच्या गोळीपर्यंत संपवायच्या, बरं वाटलं तरी. दिवसभर पाणी प्यायचं. घाई झाली की उठायचं, दाबून धरायचं नाही. ताप आला, थंडी वाजली, पाठीत कुशीकडे दुखलं, तर तडक निघून यायचं, कारण मग ते वर किडनीपर्यंत गेलेलं असतं. "तिथे गेलं की मग मस्करी नाही," असं त्या म्हणाल्या. ताईंनाही पाठवून द्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या गोळ्यांवर आजार दबून बसतो.

या सूचनांपैकी ‘उठायचं’ ही एकच सूचना आमच्या कार्यपद्धतीत बसत नव्हती.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी खिडकीकडे गेलो. साहेब पाहुण्यांबरोबर आत होते आणि पाहुणे निवांत होते. बाईंनी कपाळ खिडकीच्या फळीला टेकवलं होतं आणि खालचा ओठ दाताखाली धरला होता. मांडीवर एक फाईल तयार होती. त्या मान वर न करता म्हणाल्या, "भाऊसाहेब, ते कपाट हलवा हो. बाकी काही नको मला." मला वाईट वाटलं. अगदी खरंखुरं वाईट वाटलं. (परंतु वाईट वाटणं ही नोंद करण्याजोगी बाब नसल्याने पुढील कार्यवाही झाली नाही.)

घरी मी हे सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, कपाट हलवायला लागतं काय? दोन माणसं." मी म्हणालो, "दोन माणसं आणि एक ठराव." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन सेवानियमांत बसत नाही.

सुदैवाने ठरावाची वेळ लवकरच आली. मुख्यालयाकडून परिपत्रक आलं की प्रत्येक कार्यालयाने ‘महिला मूत्रमार्ग संसर्ग प्रतिबंध व व्यवस्थापन समिती’ स्थापन करावी. आमच्याकडे ती तातडीने स्थापन झाली. अध्यक्ष साहेब. सचिव मी. सदस्य म्हणून भांडारपाल आणि गाडीचे चालक. महिला प्रतिनिधी म्हणून हिशेबाच्या ताईंना बोलावलं होतं. पण विषय नाजूक, त्यांना संकोच वाटेल, म्हणून चर्चा सुरू होण्यापूर्वी त्यांना बाहेर बसण्याची विनंती करण्यात आली. परिपत्रकाचं शीर्षक मोठ्याने वाचायची वेळ आली तेव्हा चालक खोकले, आणि तेव्हापासून इतिवृत्तात त्याला ‘सदर बाब’ असं म्हटलेलं आहे.

साहेबांनी कागदावरचा पहिला प्रश्न वाचला. "बायकांसाठी स्वतंत्र सोय आहे ना आपल्याकडे?"

"आहे, सर," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

साहेबांनी रकान्यात लिहिलं: आहे. कुठे, असा रकाना नव्हता.

मग सूचना आल्या. भांडारपालांचं म्हणणं असं की जसा डबा घरून आणतात, तशी सदर बाब घरूनच उरकून यावी. चालकांचं म्हणणं, लांबच्या गाडीवर आम्ही ठरलेल्या थांब्यालाच थांबतो. बायकांनीही थांबे ठरवून घ्यावेत. मी म्हणालो की दोन्ही सूचना विचार करण्याजोग्या आहेत. शेवटी साहेबांनी तोडगा काढला. संसर्ग पाणी कमी प्यायल्याने होतो, असं परिपत्रकातच म्हटलं होतं. तेव्हा प्रत्येक बाईला कार्यालयातर्फे पाण्याची एक मोठी बाटली भेट द्यावी. बाटली आली. कळशीची धाकटी बहीण शोभावी एवढी. तिच्यावर छापलं होतं: ‘प्या आणि निरोगी राहा.’ वाटपाचा फोटो निघाला. त्यात साहेब बाटली देत आहेत, बाई ती घेत आहेत आणि पाठीमागे, दोघांच्या मधोमध, ते दार दिसतं आहे. घरी सौभाग्यवतींनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला." मला वाटलं, बाटली आवडली.

खिडकीवाल्या बाईंनी मात्र डॉक्टरीणबाईंचा शब्द आणि समितीची बाटली, दोन्ही मनावर घेतलं. दिवसभर पाणी पिऊ लागल्या. घाई झाली की उठू लागल्या. साहेब फोनवर असोत, डबा खात असोत की विचार करत असोत, बाई फाईल पुढे धरून आत शिरत, साहेब फोन मानेत धरून सही करत. बाईंना बघून ताईही डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या आणि पाणी पिऊ लागल्या; ताईंना बघून बाकीच्या दोघी. आणि आमच्या कार्यालयाच्या इतिहासात कधी न घडलेली गोष्ट घडली. कामं होऊ लागली.

सकाळी तक्रार, दुपारी गाडी. जिथे पूर्वी नळाची तक्रार करणाऱ्याचा नातू दुरुस्ती बघायचा, तिथे आता तक्रारदार घरी पोहोचायच्या आत गाडी दारात. निकालाची गती एवढी वाढली की आलेखाचा कागद वरून कमी पडला आणि मी वर दुसरा कागद चिकटवला. नागरिक चक्रावले. पण गावात एक निवृत्त मास्तर आहेत, निरीक्षणाची सवय असलेले. ते दोन दिवस समोरच्या बाकावर बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तक्रारीच्या कागदाबरोबर एक गार पाण्याचा तांब्या खिडकीतून आत सरकवला.

"आधी पाणी प्या, बाई. मग माझी फाईल वर ठेवा."

ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. नागरिक पाणी घेऊनच येऊ लागले. कुणी वाळा घातलेलं, कुणी लिंबू पिळलेलं. "बाई, अर्धाच पेला प्यालात? आमची टाकी भरून वाहतेय हो!" अशी आर्जवं खिडकीवर ऐकू येऊ लागली. लाच देणं हा गुन्हा आहे, परंतु पाणी पाजणं हे पुण्य असल्याने आम्ही कारवाई करू शकलो नाही.

या यशाला एक छोटीशी काळी कडा होती. निकाली निघालेली प्रत्येक फाईल व्हरांड्यातल्या कपाटात जात होती. बाई जितक्या वेळा साहेबांच्या पाठीमागून जात, तितकं व्हरांड्यातल्या दारासमोरचं कपाट जड होत होतं. पूर्वी ते दोन माणसांनी हललं असतं. आता चार लागतील, असं भांडारपाल अभिमानाने सांगत.

पुढे फाइली संपल्या. गावात दुरुस्त करण्यासारखं काही उरलंच नाही. आता बायका मोकळ्या हाताने कशा जाणार? त्यांनी शेजारच्या रस्ते विभागातून फाइली उसन्या आणल्या. साहेबांनी त्यांवरही सह्या केल्या आणि रस्ते विभागाचे दोन पूल मंजूर होऊन गेले (त्यातला एक नदी नसलेल्या ठिकाणी आहे, पण मजबूत आहे). शेवटी खिडकीवाल्या बाईंनी स्वतःच एक अर्ज लिहिला: व्हरांड्यातील कपाट हलवून महिलांच्या सोयीचं मूळ दार मोकळं करावं. त्याची फाईल केली आणि घेऊन आत गेल्या. साहेबांनी न वाचता लिहिलं: मंजूर.

बाई नाचतच बाहेर आल्या. फाईल भांडारपालांकडे गेली. भांडारपाल म्हणाले, मंजूर म्हणजे मंजूरच. पण कपाट हलवायचं तर आधी रिकामं करायला हवं, त्यातल्या फाइली ठेवायला दुसरं कपाट हवं, आणि दुसरं कपाट ठेवायला मोकळी जागा हवी. मोकळी जागा फक्त कपाट हलवल्यावर होणार होती. सबब, मंजुरी मिळालेली असल्याने फाईल निकाली समजण्यात आली आणि कपाटात ठेवण्यात आली.

बाईंनी बाटली उचलली आणि जमिनीवर आपटली. बाटली फुटली नाही. दर्जा चांगला होता.

त्या दिवसानंतर बाई चिडून पाणी प्यायच्या बंद झाल्या. "नको मला ते रोजचं सोंग," म्हणाल्या. आठवडाभरात जळजळ परत आली. मास्तर तांब्या घेऊन यायचे, बाई तांब्या निवडुंगात ओतायच्या. एका सकाळी त्या आल्या त्या अंगावर जाड स्वेटर घालून, भर उन्हाच्या दिवसांत. थंडी वाजतेय म्हणाल्या. ताई म्हणाल्या, "अगं, पाठ दुखतेय का तुझी?" बाईंचा हात आपोआप कुशीकडे गेला, म्हणजे दुखत होती. ताईंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि कुणालाही न विचारता डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भिडस्त बाईने कुणालाही न विचारता केलेली ही आमच्या कार्यालयातली पहिली गोष्ट. बाईंना दवाखान्यात ठेवून घेतलं. सुईवाटे औषध दिलं. आणखी उशीर केला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी ताईंना सांगितलं आणि ताईंनी मला सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

बाई परत आल्या, आवाज थोडा उतरलेला, आणि दुसऱ्याच दिवशी मुख्यालयातून तपासणी अधिकारी आल्या. आमच्या निकालाच्या गतीला पारितोषिक द्यावं की कसं, हे ठरवायला. साहेबांनी केबिनमध्ये त्यांचं स्वागत केलं. चहा झाला. सरबत झालं. मी आलेख उलगडला, चिकटवलेल्या कागदासकट. पुन्हा चहा झाला. मॅडमनी खुर्चीत एका बाजूला वजन टाकलं, मग दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बायकांसाठीची सोय कुठे आहे?"

साहेब माझ्याकडे बघू लागले. मी भांडारपालांकडे. भांडारपाल छताकडे.

"आहे, मॅडम," साहेब म्हणाले. "अहवालात आहे. म्हणजे असणारच. पाहून सांगतो." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी प्रत्यक्ष पाहिला. साहेबांची पाठ त्या दारापासून हातभर लांब होती.

तेवढ्यात खिडकीवाल्या बाई दारात उभ्या राहिल्या. "चला मॅडम, मी दाखवते," त्या म्हणाल्या. "फक्त हातात एक फाईल असू द्या."

मॅडमना काही कळलं नाही, पण घाई होती. त्यांनी हाताला लागली ती फाईल उचलली. ती आमच्याच तपासणीची होती. त्या उठून पुढे आल्या. साहेबांचा हात, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, सवयीने पुढे गेला. फाईल उघडली, सही झाली, "मंजूर" लिहिलं गेलं. आमची तपासणी आम्हीच समाधानकारक ठरवली. मॅडम मागच्या दारातून आत गेल्या. मग पाणी सोडल्याचा आवाज आला.

साहेबांनी खुर्ची वळवून त्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "भाऊसाहेब, म्हणजे इतकी वर्षं..."

त्यांनी विचारलं होतं, म्हणून मी सांगितलं. "हो, सर."

बाहेर येऊन मॅडमनी एकच आदेश दिला, तोही तोंडी. मास्तर खिडकीवर होतेच, भांडारपाल होते, चालक होते, एक वाटसरूही धरून आणला. कपाट सरकलं. सौभाग्यवतींचा अंदाज दोन माणसांनी चुकला होता, पण ठरावाबाबत त्यांचंच बरोबर निघालं. मागे दार होतं तसंच होतं. बाईंनी कडी काढली, व्हरांड्यातूनच आत गेल्या, व्हरांड्यातूनच बाहेर आल्या, हात मोकळे हलवत. त्यांना हात हलवत चालताना मी प्रथमच पाहिलं. ताई रडल्या. कपाट ढकलताना भांडारपालांच्या कमरेत उसण भरली, ते तेव्हापासून रजेवर आहेत.

इथे ही हकिकत संपायला हरकत नव्हती. परंतु केबिनमध्ये आता फाइली जाईनात. त्या कुणी न्यायच्या, हे कुठेही लिहिलेलं नाही. मार्गदर्शन मागवलं आहे. तक्रारी साचल्या. नळ पुन्हा खाकरू लागले. आणि मास्तर एक निवेदन घेऊन आले, खाली गावातल्या मान्यवरांच्या सह्या: कपाट पूर्ववत जागी ठेवावं.

"बाईंबद्दल आम्हाला आदरच आहे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, माझी किडनी मोठी की तुमचा नळ?" बाईंनी खिडकीतून विचारलं.

"असं एकदम टोकाला कशाला जाता? मधला मार्ग काढू. कपाट दिवसाआड लावू. पाणी नाही का आम्ही दिवसाआड घेत?"

निवेदन नियमानुसार समितीपुढे आलं. साहेबांचं मत कपाटाच्या विरुद्ध पडलं. त्यांना आता त्या दाराकडे पाठ करून बसवत नाही. चालकांचं मत कपाटाच्या बाजूने, कारण त्यांच्या घरी पाणी येत नाही. मी तटस्थ. म्हणजे निर्णय भांडारपालांच्या रिकाम्या जागेवर अडला आहे. ती जागा एका सुजाण नागरिकाने भरावी असं ठरलं असून, सदस्य निःपक्षपाती असावा, म्हणजेच सदर बाबीचा त्याला वैयक्तिक अनुभव नसावा, अशी अट आहे. खिडकीवर बाई बसल्या आहेत, मोठ्या बाटलीतून सावकाश पाणी पीत आहेत आणि निर्णयाची वाट पाहत आहेत.

पात्रता चाचणी सोपी आहे. एकच प्रश्न. तुम्ही रोज जिथे काम करता, तिथे बायकांसाठीची सोय नेमकी कुठे आहे?

ज्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, त्यांनी रागावू नये. त्या पात्र नाहीत. परंतु आपण, वाचता वाचता थांबून, "असेल की तिथेच कुठेतरी" असं मनात म्हणालात ना? अभिनंदन. आपली नेमणूक झाली आहे. बैठकीला अवश्य या. चहा मिळेल, सरबत मिळेल, पाणी हवं तेवढं आहे. अगदी निर्धास्त प्या. आपली सोय जिन्यासमोरच आहे. भिंतीवर बाण आहे.